ताप उतरेना तेव्हा : जंतुसंसर्ग आणि रक्तवाहिन्यांचा दाह



स्मरणिकेच्या वेळी माझ्याकडे दरवर्षी एकच काम येतं, ते म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावून देणं. यंदा संपादक म्हणाले, "पानं लावतोसच, तर दोन पानं लिही पण." यंदाच्या कार्यक्रमाचा निधी लहान मुलांच्या तातडीच्या उपचारांसाठी जाणार आहे, म्हणून हा विषय घेतला. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. इंजिनिअरिंग केलं आणि सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. हा लेख म्हणजे एका काकाने पुतणीच्या आजारपणामुळे केलेलं वाचन आहे. मंडळातल्या एका डॉक्टर ताईंनी तो वाचून माझ्या चुका काढल्या, त्यांचे आभार. तरीही हा वैद्यकीय सल्ला समजू नये.

गोष्ट जानेवारी २०१९ ची. इथे रात्रीचे अकरा वाजले होते, म्हणजे तिकडे सकाळचे साडेनऊ. दादाचा फोन आला. "चिऊला सात दिवस ताप आहे रे. उतरतच नाही." चिऊ म्हणजे माझी पुतणी, तेव्हा तीन वर्षांची. गावातल्या डॉक्टरांनी घशाचं इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, ते बदलून दुसरं दिलं. मग अंगावर पुरळ आलं, तेव्हा सगळे म्हणाले गोवर असेल. डोळे लालभडक, पण चिपडं नाहीत. ओठ फुटलेले, जीभ महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीसारखी लाल आणि दाणेदार. हातपाय सुजलेले. शेवटी दादा तिला घेऊन कोल्हापूरला गेला. तिथल्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी दहा मिनिटं नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "हा कावासाकी असावा. हृदयाचा इको करून घेऊ."

खरं सांगतो, मला आधी बजाजची जुनी मोटरसायकल आठवली.

त्या रात्री वहिनीशीही बोललो. आठवडाभर आधी नात्यातल्या एका लग्नाला ती चिऊला घेऊन गेली होती. गर्दी, थंडी, बाहेरचं पाणी. घरात कुणीतरी बोलून गेलं होतं की लग्नाला नेलं नसतं तर हे झालं नसतं. वहिनी रडत होती. "भावोजी, तिथेच काहीतरी लागलं असेल ना तिला? माझ्यामुळे झालं का हो हे?"

मला उत्तर देता आलं नाही. नंतर कित्येक रात्री मी त्या एका प्रश्नामागे वाचत बसलो.

दाह म्हणजे नक्की काय?

आपल्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसते पाइप नव्हेत. त्यांच्या भिंती जिवंत असतात, त्यांना थर असतात. आपली रोगप्रतिकारक यंत्रणा काही कारणाने या भिंतींवरच हल्ला करते तेव्हा त्या सुजतात. यालाच रक्तवाहिन्यांचा दाह किंवा व्हॅस्क्युलायटिस म्हणतात. सुजेमुळे आतली वाट अरुंद होते आणि पुढे रक्त कमी पोचतं. किंवा भिंत कमजोर होऊन तिथे फुगवटा येतो, जुन्या सायकलच्या ट्यूबला यावा तसा. अशा फुगवट्यात रक्ताची गुठळी धरू शकते. हे हृदयाच्या रक्तवाहिनीत झालं तर पुढे काय होऊ शकतं ते सांगायला नको.

व्हॅस्क्युलायटिस हा एक आजार नाही, ते मोठं कुटुंब आहे. काहींत महाधमनीसारखी मोठी रक्तवाहिनी सापडते, काहींत मध्यम, काहींत केसासारख्या बारीक. त्यामुळे "याचं कारण जंतुसंसर्ग आहे का?" या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. काही आजारांत ते ठाम "हो" आहे, काहींत "बहुधा", आणि काहींत अजून नुसता संशय.

जंतू रक्तवाहिनीपर्यंत कसे पोचतात?

आम्ही प्रोग्रॅमिंगवाले एखादी चूक शोधताना आधी विचारतो, ही कुठल्या कुठल्या वाटेने येऊ शकते? इथे साधारण तीन वाटा आहेत.

पहिली वाट सरळ घुसखोरीची. जंतू स्वतःच भिंतीत शिरतो. सिफिलिस म्हणजे उपदंश, त्यावर उपचार झाले नाहीत तर कित्येक वर्षांनी महाधमनीची भिंत खराब करतो. गोचिडीतून किंवा बारीक किड्यांतून येणारे रिकेट्सिया जातीचे ताप रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातच घर करतात. यात अवघड कोडं नाही. जंतू ओळखला, योग्य अँटिबायोटिक दिलं की प्रश्न मुळापासून सुटतो.

दुसरी वाट कचऱ्याची. व्हायरस शरीरात मुक्काम ठोकतो. त्याच्याविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडीज त्याच्या तुकड्यांना चिकटतात, आणि ही जोडगोळी रक्तातून वाहत जाऊन रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते. नाल्यात गाळ साचावा तसं. साचलेल्या ठिकाणी दाह सुरू होतो.

तिसरी वाट ठिणगीची. जंतू येतो आणि जातो, पण त्याने चेतवलेली रोगप्रतिकारक यंत्रणा शांत होत नाही. चोर पळून गेला तरी गावकरी काठ्या घेऊन फिरत राहतात आणि आपल्याच माणसांना बडवतात. ही वाट सिद्ध करणं सगळ्यात कठीण, कारण डॉक्टर पोचतात तेव्हा चोर जागेवर नसतो.

जिथे चोर सापडला

दुसऱ्या वाटेचं चांगलं उदाहरण म्हणजे पॉलिआर्टेरायटिस नोडोसा. नाव जड आहे, पण गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मध्यम आकाराच्या रक्तवाहिन्यांचा हा आजार कुसमाउल आणि मायर या जर्मन डॉक्टरांनी १८६६ साली नोंदवला. पुढची शंभर वर्षं त्याचं कारण कुणाला कळलं नाही. १९६५ च्या सुमारास बारूक ब्लुमबर्ग यांना रक्तात एक वेगळं प्रथिन सापडलं, जे पुढे हिपॅटायटिस बी या काविळीच्या व्हायरसचं निघालं. या कामासाठी त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. आणि १९७० मध्ये या रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या काही रोग्यांत नेमकं तेच प्रथिन सापडलं.

फ्रान्समधल्या नोंदी बघा. १९७० च्या दशकात तिथे या आजाराच्या साधारण एकतृतीयांश रोग्यांना हिपॅटायटिस बी होता. मग दान केलेलं रक्त तपासलं जाऊ लागलं, लस आली, आणि हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास उतरलं. जंतूला आवर घातल्यावर आजारही आटोक्यात आला. कारण आणि परिणाम यांचा याहून चांगला पुरावा मिळणं अवघड. पुढे १९८९ मध्ये हिपॅटायटिस सी चा व्हायरस ओळखला गेला, तेव्हा बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहाच्या आणखी एका प्रकाराचा उलगडा झाला. आज हिपॅटायटिस सी गोळ्यांनी बरा होतो, आणि पुष्कळ रोग्यांत त्याबरोबर हा दाहही कमी होतो.

जिथे नुसता संशय आहे

पण दरवेळी असं होत नाही. ताकायासु हा महाधमनीचा आजार घ्या. जपानी नेत्रतज्ज्ञ मिकितो ताकायासु यांनी तो १९०८ मध्ये प्रथम मांडला. तो बहुतेक तरुण स्त्रियांना होतो आणि भारतातही दिसतो. यातल्या बऱ्याच रोग्यांना क्षय होता किंवा होऊन गेला होता, म्हणून क्षयाच्या जंतूवर फार जुना संशय आहे. मात्र भारतासारख्या देशात क्षय इतका पसरलेला आहे की कुठल्याही आजाराचे शंभर रोगी घेतले तरी त्यांतल्या काहींत तो सापडेलच. दोन गोष्टी एकाच घरात राहतात म्हणून त्या नातेवाईक ठरत नाहीत. क्षयामुळेच ताकायासु होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

म्हातारपणी कपाळाच्या शिरांना होणाऱ्या एका दाहातही असंच घडलं. काही संशोधकांना त्या शिरांमध्ये कांजिण्यांच्या व्हायरसचे अंश दिसले. इतर प्रयोगशाळांनी तपासलं तर त्यांना ते सापडेनात. विज्ञानात एकाला दिसून भागत नाही, दुसऱ्यालाही दिसावं लागतं.

आणि कावासाकी?

आता चिऊच्या आजाराकडे येतो. टोमिसाकु कावासाकी हे टोकियोच्या रेडक्रॉस हॉस्पिटलमधले बालरोगतज्ज्ञ. जानेवारी १९६१ मध्ये त्यांनी चार वर्षांचा एक मुलगा पाहिला. ताप, लाल डोळे, लाल ओठ, पुरळ. कुठल्याच ओळखीच्या आजारात तो बसेना. पुढच्याच वर्षी असा दुसरा रोगी आला. ते एकेक रोगी टिपून ठेवत गेले आणि १९६७ मध्ये अशा पन्नास मुलांची माहिती जपानी भाषेत छापली. इंग्रजीत ती यायला १९७४ उजाडलं. सुरुवातीला हा आजार आपोआप बरा होतो असं वाटलं होतं. नंतर कळलं की काही मुलं ताप गेल्यावर अचानक दगावतात, कारण त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांना फुगवटे आलेले असतात. डॉ. कावासाकी २०२० मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेले. कारण शोधता शोधता आयुष्य सरलं, पण कारण हाती लागलं नाही.

मग जंतूचा संशय का? खुणा बऱ्याच आहेत. आजार मुख्यतः पाच वर्षांच्या आतल्या मुलांना होतो. अगदी तान्ह्या बाळांना कमी होतो, बहुधा आईकडून आलेल्या अँटिबॉडीजमुळे, आणि मोठ्यांना क्वचितच. म्हणजे असा काहीतरी जंतू असावा जो लहानपणी सगळ्यांनाच भेटतो. जपानमध्ये १९७९, १९८२ आणि १९८६ साली साथीसारख्या लाटा आल्या. आजार ऋतूप्रमाणे कमीजास्त होतो. २०२० मध्ये कोविडमुळे शाळा बंद झाल्या, तोंडाला मास्क आले, आणि जपानमध्ये कावासाकीचे रोगी साधारण एकतृतीयांशाने घटले.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इशारा दिला की काही मुलांना कावासाकीसारखा आजार होतोय. इटलीतल्या बेर्गामोतही तेच दिसलं, पुढे मुंबईतही अशी मुलं आली. कोविड होऊन गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी शरीरभर दाह उसळत होता. तो कावासाकीच नव्हता. ही मुलं जरा मोठी होती, त्यांना पोटाचा त्रास आणि हृदयाच्या स्नायूचा अशक्तपणा जास्त होता. पण एक गोष्ट सगळ्यांसमोर स्पष्ट झाली. जंतू निघून गेल्यावर कित्येक दिवसांनी ठिणगीची आग होऊ शकते.

तरीही कावासाकीचा जंतू कुठला, याचं उत्तर आजही नाही. अनेक व्हायरस आणि बॅक्टेरिया संशयित ठरले आणि बाद झाले. मध्य आशियाकडून येणाऱ्या वाऱ्यांबरोबर काहीतरी येत असावं, असंही २०११ मध्ये मांडलं गेलं. अनेकांचं मत आता असं की चोर एकच नसावा. वेगवेगळे नेहमीचे जंतू ही ठिणगी टाकत असावेत, आणि पेट घेण्याची तयारी त्या मुलाच्या जनुकांत असावी. हवाईत राहणाऱ्या जपानी वंशाच्या मुलांना हा आजार तिथल्याच गोऱ्या मुलांपेक्षा दहापटीहून जास्त होतो. हवा एकच, समुद्र एकच, तरी फरक आहे. जपानमध्ये ज्या घरात एका मुलाला झाला, तिथल्या दुसऱ्या भावंडाला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा साधारण दहापट असते. पण ही दहापट म्हणजेसुद्धा शंभरात जेमतेम दोन.

भारतात हा आजार नाही असं आपल्याला वाटत होतं, कारण कुणी शोधत नव्हतं. चंदीगडच्या पीजीआयने १९९४ पासून नीट नोंदी ठेवल्या, तर रोग्यांची संख्या काही वर्षांत अनेक पटींनी वाढलेली दिसली. त्यात डॉक्टरांना तो ओळखू येऊ लागला, हा मोठा भाग असणार.

वहिनीच्या प्रश्नाचं उत्तर

इतकं वाचल्यावर मी वहिनीला फोन केला. म्हटलं, "वहिनी, लग्नात एखादा जंतू भेटला असेल किंवा नसेलही. पण त्याच लग्नात आणखी पन्नास मुलं होती. सगळ्यांना तोच जंतू भेटला, दोन शिंका आल्या आणि संपलं. अंगणवाडीत भेटला असता, शेजारी भेटला असता, घरात बसूनही भेटला असता. कोणत्या मुलाच्या शरीरात ठिणगी पेट घेईल हे आजही जगातला कुठलाही डॉक्टर आधी सांगू शकत नाही. तुम्ही कुठून सांगणार होतात?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे जरा आईंना पण सांगा." मी आईला पण सांगितलं.

जंतुसंसर्ग हे कारण असू शकतं, याचा अर्थ कुणाचा तरी दोष आहे असा होत नाही. आपल्याकडे मूल आजारी पडलं की आधी आईची उलटतपासणी सुरू होते. म्हणून हे मुद्दाम लिहितो. कावासाकी एका मुलाकडून दुसऱ्याला लागत नाही, त्यामुळे अशा मुलाला वेगळं ठेवण्याचंही कारण नाही.

कारण माहीत नसताना उपचार

आमच्या धंद्यात चुकीचं मूळ सापडल्याशिवाय दुरुस्ती करू नये असं शिकवतात. वैद्यकात तेवढा वेळ नसतो. १९८४ मध्ये जपानी डॉक्टरांनी दाखवलं की शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिलं तर फुगवटे कमी होतात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या चाचणीने ते पक्कं केलं. उपचार न केलेल्या मुलांत शंभरातल्या साधारण पंचवीसजणांना हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा त्रास राहतो. ताप सुरू झाल्यापासून दहा दिवसांच्या आत हे औषध मिळालं तर तो आकडा पाचाच्या आसपास येतो. फरक जो आहे तो वेळेचा आहे.

म्हणून ही लक्षणं घरोघर माहीत असावीत. लहान मुलाला पाच दिवस किंवा जास्त ताप, आणि त्याबरोबर दोन्ही डोळे लाल पण चिपडं नाहीत, ओठ व जीभ लाल, अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत एखादी मोठी गाठ. सगळी लक्षणं एकाच वेळी दिसतील असं नाही. एक दिसतं, जातं, मग दुसरं येतं. रोज फोनवर फोटो काढून ठेवा, डॉक्टरांना उपयोग होतो. एक वर्षाच्या आतल्या बाळांत लक्षणं अर्धवट असतात आणि धोका मात्र जास्त असतो. अशा वेळी डॉक्टरांना सरळ विचारा, "हा कावासाकी असू शकतो का?" त्यात त्यांचा अपमान नाही. मनाने ॲस्पिरिन मात्र देऊ नका. या आजारात ते देतात, पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली. आणि इम्युनोग्लोब्युलिन घेतल्यावर गोवराची आणि कांजिण्यांची लस साधारण अकरा महिने पुढे ढकलावी लागते, हेही विचारून घ्या.

आता खर्चाचं. हे औषध वजनावर देतात, किलोमागे दोन ग्रॅम. चिऊचं वजन बारा किलो, म्हणजे चोवीस ग्रॅम. दादा शाळेत शिक्षक. औषधाचा आकडा त्याच्या दोन महिन्यांच्या पगाराच्या वर गेला, आणि दिवस होता रविवार. मी इथून पाठवलेले पैसे पोचायला दोन दिवस लागणार होते. शेवटी शिक्षकांच्या पतपेढीचे सेक्रेटरी घरून उठून आले, कपाट उघडलं आणि कर्ज दिलं. आठव्या दिवशी औषध सुरू झालं. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. इकोमध्ये एक रक्तवाहिनी किंचित रुंद दिसली होती, ती दोन महिन्यांनी नेहमीसारखी झाली. चिऊ आज चौथीत आहे, कबड्डी खेळते आणि मला व्हिडिओवर पाढे विचारते.

हे इम्युनोग्लोब्युलिन कारखान्यात रसायनं मिसळून होत नाही. ते माणसांच्या रक्तातून काढतात. हजारो लोकांनी दिलेला प्लाझ्मा एकत्र करून त्यातून ते वेगळं करावं लागतं. म्हणजे त्या रविवारी आमच्या चिऊच्या हातात जी बाटली ठिबकत होती, तिच्यात हजारो अनोळखी माणसांचा वाटा होता. त्यांची नावं आम्हाला कधीच कळणार नाहीत, त्यांनाही चिऊ माहीत नाही.

सगळ्यांना उठून येणारा पतपेढीचा सेक्रेटरी मिळत नाही, की अमेरिकेत काका नसतो. दहा दिवसांच्या आत पैसे उभे राहिले नाहीत म्हणून एखाद्या मुलाच्या हृदयाला कायमची इजा व्हावी, हे आपण थोडंफार थांबवू शकतो. आपल्या मंडळाचा यंदाचा निधी अशाच घाईच्या वेळेसाठी आहे. कारणं शोधणारे शोधत राहतील, त्यांना यश येवो. तोवर औषध वेळेवर पोचवणं आपल्या हातात आहे. ज्याला जमेल त्याने जमेल तेवढं द्यावं, आणि सुट्टीत तब्येत बरी असेल तर एकदा रक्तदानही करावं, एवढीच विनंती.